बिराजदार मॅडमचा पिवळा रंग

बिराजदार मॅडम माणसांशी फार वाईट बोलायच्या. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या कॉलेज सोडून गेल्यापासून स्टाफरूममध्ये जो उठतो तो त्यांना गरीब गाय करून सोडतोय. 'बिचाऱ्या किती करायच्या हो मुलांसाठी!' गरीब कसल्या डोंबलाच्या! प्राचार्य राव सरांना भर मीटिंगमध्ये 'सर, तुम्हाला टक्केवारी काढता येत नाही, तर निदान वाचता तरी येऊ द्या' म्हणणारी बाई ती. मला तर ओळखीच्या पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, "पाठकबाई, तुम्ही हिंदी शिकवता का पोरांना झोपवता? तुमच्या तासाला अर्धा वर्ग पेंगलेला दिसायला." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

आमचं कॉलेज तेलुगू मुलखातल्या मोठ्या शहरात, चिक्कडपल्ली भागात. खाली औषधाचं दुकान, शेजारी मिरची-भज्यांची गाडी, आणि वर तीन मजल्यांवर इंटरचे वर्ग. इंटर म्हणजे महाराष्ट्रातली अकरावी-बारावी. संस्था कधीकाळी मराठी माणसांनी काढली, म्हणून ऑफिसात गणपतीची तसबीर आहे आणि सेक्रेटरी मराठी आहेत. मुलं बहुतेक तेलुगू, काही उर्दू बोलणारी. मराठी आता आम्ही चार-दोन बायका डबा खाताना बोलतो तेवढीच.

मॅडम गणिताच्या. बीदरकडच्या शेतकरी घरातल्या, लग्नानंतर सगळं आयुष्य इथं गेलेलं. उंच, काटक, मनगटावर मोठ्या डायलचं पुरुषी घड्याळ. लॅपटॉप नेहमी साडीच्या दुकानातल्या कापडी पिशवीत, चार्जरला रबरबँड. डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी. 'घेता का' म्हणून कधी कुणाला विचारणार नाहीत. आणि दुसऱ्याच्या डब्यातलंही खाणार नाहीत. तोंडात एकाच वेळी तीन भाषा. पोरगा तासाला उशिरा आला तर "क्या रे, बादशाह, मुहूर्त बघूलालास का?" असं काहीतरी निघायचं, आणि गंमत म्हणजे ते पोराला बरोबर कळायचं.

त्यांची एक खोड मात्र जगावेगळी होती. त्यांना चेहरे लक्षात राहत नसत. अजिबात नाही. रोज समोर बसणारी मुलगी भाजीच्या गाडीवर भेटून 'नमस्ते मॅडम' म्हणाली तर या तिच्याकडे अनोळखी माणसासारख्या बघायच्या आणि विचारायच्या, "नंबर?" पोरगी हजेरीचा नंबर सांगायची. मग मॅडमचा चेहरा उजळायचा. "अस्सं, बत्तीस! तुझं त्रिकोणमितीचं काय झालं?" बत्तीस नंबरची मावशी कुठं राहते, तिचा बाप दारू पितो का, सर्दी झाली तर ती किती दिवस दांडी मारते, सगळं त्यांना पाठ. फक्त बत्तीस नंबरचं नाक-डोळे ठाऊक नाहीत.

मी एकदा म्हटलं, "अहो मॅडम, पोरांचे चेहरे तरी बघत जा."

"चेहऱ्यावर काय लिहिलेलं असतंय पाठकबाई? हसणारी पोट्टी घरी जाऊन रडती. तक्ता तसं करत नाही."

तक्ता म्हणजे त्यांनी बनवलेली हजेरीची एक्सेल शीट. आधी आमच्याकडे हजेरी म्हणजे लाल बांधणीचं जाडजूड रजिस्टर, आणि ते महिन्याच्या शेवटी चहा पिता पिता भरलं जायचं. सगळेच तसं करायचे. मॅडमनी ते बंद पाडलं. कुणी सांगितलं नव्हतं, पैसे तर मुळीच दिले नव्हते. उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून त्यांनी ती शीट केली. आडव्या ओळीत एकेक मूल, नंबरासकट. उभ्या रकान्यात एकेक दिवस. हजर असेल तर पी, नसेल तर ए. वर्गशिक्षकाने रोज तेवढंच भरायचं. मागच्या पानावर सूत्रं. एक सूत्र पी मोजायचं, दुसरं टक्के काढायचं, आणि पंचाहत्तरच्या खाली गेलं की मुलाची ओळ लाल.

हे काय, कुठल्याही कॉलेजात असतं. मॅडमची खरी करामत वेगळी होती. लागोपाठ तीन दिवस ए पडला की ती ओळ पिवळी व्हायची. टक्के कितीका असेनात. वर्षभर एक दिवस न चुकलेलं मूलसुद्धा तीन दिवस आलं नाही की पिवळं.

"लाल रंग बोर्डासाठी," त्या म्हणायच्या. "परीक्षेला बसवायचं का नाही ते बोर्ड बघतंय. पिवळा माझ्यासाठी. पिवळा म्हणजे पोरगं कुठं हाय ते कुणालाच ठावं नाही."

पिवळं दिसलं की त्या फोन लावायच्या. तो फोन ऐकणं म्हणजे तमाशा होता. हिंदीत सुरू करायचं, समोरचा तेलुगू निघाला की तेलुगूत घसरायचं आणि संताप झाला की बीदरच्या मराठीत. एकदा बेगम बाजारातल्या एका मसाल्याच्या व्यापाऱ्याने सांगितलं, 'मेरा लड़का तो रोज कॉलेज जाता मॅडम.' आणि पाठीमागून पोराचा आवाज, 'अब्बा, धनिया कितने का लगाऊँ?' मॅडमनी फोन ठेवला, रिक्षा केली, आणि त्या दुकानात जाऊन मिरच्यांच्या पोत्यावर बसल्या. शिंकतायत, डोळ्यांतून पाणी वाहतंय, पण हलायला तयार नाहीत. गिऱ्हाईकं बघायला लागली. शेवटी तो व्यापारी हात जोडून म्हणाला, 'ले जाओ मॅडम, कल से भेजता.' पोरगा दुसऱ्या दिवशी वर्गात. त्याने मॅडमना वर्षभर मनातल्या मनात शिव्या दिल्या असतील, पण पास झाला.

हे वेड कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. भाकरीचा तुकडा मोडता मोडता, मान खाली घालून. "आमची अक्का माझ्यापेक्षा हुशार होती. सुगीत तिला घरी ठेवून घेतलं. नंतर ती गेलीच नाही शाळेत. मास्तर रोज हजेरी घ्यायचा बरं का. तिचं नाव घ्यायचा, कुणी ओ द्यायचं नाही, पुढचं नाव घ्यायचा. घरी येऊन कुणी विचारलं नाही, की बाबा, तुमची पोरगी कुठं गेली." एवढं बोलून त्या हात धुवायला गेल्या. मी पुढे कधी विचारलं नाही.

आता श्रावणीचं सांगते. ते सांगताना अजून माझं डोकं फिरतं.

प्रवेशाच्या दिवसांत मी आणि मॅडम एकाच टेबलावर होतो. एक बाई आली, ब्लाऊज शिवून घर चालवणारी, बोटाला सुईच्या खुणा. बरोबर मुलगी, के. श्रावणी, दहावीला चांगले मार्क. नवरा ऑटो चालवतो, पण घरात चलती सासूची आणि मोठ्या दिराची. त्यांनी पोरीसाठी नात्यातला मुलगा बघून ठेवलेला. आई म्हणाली, "अम्मायी चदुवुकोवाली मॅडम." पोरगी शिकली पाहिजे. मग आवाज खाली करून, मोडक्या हिंदीत, "माझ्याजवळ फोन नसतो. मला एकटीला बाहेरही सोडत नाहीत. ही तीन दिवस आली नाही तर समजा की काहीतरी झालं. तुम्ही घरी या. कॉलेजची मॅडम दारात उभी राहिली की ते घाबरतात."

मॅडमनी मुलीकडे बघितलंसुद्धा नाही. यादीत बोट फिरवत म्हणाल्या, "अठ्ठावन्न. हिचा नंबर अठ्ठावन्न. हा पिवळा झाला की मी तुझ्या दारात."

श्रावणाच्या सुमारास तो पिवळा झालाही. मॅडमनी मला ओढतच नेलं. गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांचं घर, दारात दीर बनियनवर उभा. मॅडमनी उंबऱ्याबाहेर उभ्या राहून असा आवाज लावला की समोरच्या घरांच्या गच्च्या भरल्या. "तुमच्या घराचं नाव कॉम्प्युटरमध्ये पिवळं झालंय! माहीत आहे का पिवळं म्हणजे काय? आता ते बोर्डात जाणार, बोर्डातून कलेक्टरकडे जाणार!" सगळं खोटं. त्या शीटचा कलेक्टरशी काडीचाही संबंध नव्हता. पण दिराने बनियनवर शर्ट चढवला, आणि दुसऱ्या दिवशी श्रावणी वर्गात. जाताना आईने दाराआडून मॅडमचा हात नुसता दाबला.

परतताना मी हसून म्हटलं, "मॅडम, काय थाप मारलीत!"

"थाप कसली? पिवळं झालं होतं की नाही? मग?"

दसऱ्याच्या सुट्टीत सगळं बदललं. सेक्रेटरीसाहेबांचा भाचा निनाद पुण्याहून इथे नोकरीला आला होता, मोठ्या कंपनीत. मुलगा वाईट नव्हता हो, हे मी मुद्दाम सांगते. नम्र होता, मॅडमच्या पाया पडला होता. बोर्डाची तपासणी यायची होती आणि साहेबांना हजेरी जरा देखणी दाखवायची होती. निनाद म्हणाला, रविवारी बसून करून देतो. करून दिली. सुंदर झाली होती. वर संस्थेचं बोधचिन्ह, वर्गावर्गाचे गोल आलेख. आणि मुलांचे नंबर काढून टाकलेले. मीटिंगमध्ये तो म्हणाला, "मुलं म्हणजे कैदी नाहीत. आपण त्यांना नावाने ओळखायला हवं." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मॅडम उठल्या. "नंबर काढू नका. माझी पोरं नंबरावर आहेत."

"मॅडम, थोडं माणुसकीनं बघा," सेक्रेटरीसाहेब म्हणाले. लोक हसले. ज्या बाईने एकेका पोरासाठी मिरच्यांच्या पोत्यावर बसून दाखवलं, तिला हे माणुसकी शिकवणार!

शीट आता ऑफिसात कुलूपबंद. आम्हाला रोज संध्याकाळी तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर यायचा, फक्त बघायला. सूत्रांना हात लावायचा नाही. आणि फोटोच्या खाली छोट्या अक्षरात, 'निर्मिती : श्रीमती बिराजदार'. मॅडम ऑफिसात जाऊन म्हणाल्या, "जी मला उघडता येत नाही तिच्यावर माझं नाव कायकू? काढा." साहेब गोड हसले. "तुमचा मान आहे तो, मॅडम." त्याच महिन्यात मॅडमना हिमायतनगरच्या नव्या इमारतीत पाठवलं, सेकंड इयरच्या तिथल्या तुकड्यांवर. श्रावणीचा वर्ग चिक्कडपल्लीतच राहिला. मी हिंदीची असल्यामुळे दोन्हीकडे पळायची, पण श्रावणीची दुसरी भाषा तेलुगू, ती माझ्या वर्गात नव्हती.

मॅडमनी तेही मान्य केलं. कारण रंग होते. निनादने लाल-पिवळे रंग तसेच ठेवले होते. संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला की मॅडम चष्मा कपाळावर सरकवून मोबाइल नाकाशी धरायच्या आणि बोट खाली नेत नेत एका ओळीवर थांबायच्या. त्या वर्गात के. श्रावणी दोघी होत्या. वरची एक आणि खालची एक. "खालची माझी," मॅडम म्हणायच्या. नंबर नाही, मग वरची-खालची.

आणि खालची श्रावणी दसऱ्यानंतर काय सुधारली! आधी मधूनमधून ए असायचा. आता एकही नाही. सलग पी. टक्के चढतायत. मॅडम असल्या खूश की विचारू नका. एक दिवस त्यांनी स्टाफरूममध्ये चक्क खोबऱ्याच्या वड्या आणल्या, ज्या बाईने कधी भाकरीचा तुकडा पुढे केला नव्हता तिने. "घ्या हो पाठकबाई. माझी अठ्ठावन्न नंबरची पोट्टी बघा, एक दिवस चुकवीना गेली. आईचं नशीब उघडलं." मी दोन वड्या खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या.

संक्रांत जवळ आली होती. हिमायतनगरच्या इमारतीत दुपारच्या सुट्टीत ती आई आली. आधी चिक्कडपल्लीला गेली होती, तिथून शिपायाने इकडे पाठवलं. ती मॅडमसमोर उभी राहिली. रडली नाही, ओरडली नाही. मॅडमनी तिला अर्थातच ओळखलं नाही. "कोण?" म्हणाल्या.

"अठ्ठावन्न नंबरची आई."

"अरे! या की! बसा! पोरगी काय छान येऊ लागली बगा कॉलेजला..."

त्या बाईने मॅडमकडे असं बघितलं की माझ्या हातातला डबा तसाच राहिला. म्हणाली, "दिवाळीनंतर ती कॉलेजला आली नाही मॅडम. घरात ठेवली होती. लग्न लावून दिलं तिचं. दूर, गावाकडे." मग म्हणाली, "मी रोज दाराशी बसत होते. पोरीला सांगत होते, मॅडम येतील. तीन दिवस झाले की येतात. ती पण म्हणत होती, येतील. लग्न झाल्यावर मला बाहेर सोडायला लागले, म्हणून आज आले."

मॅडम उठल्या, पिशवी घेतली, आणि तशाच रिक्षात बसून चिक्कडपल्लीला गेल्या. मी आणि ती आई मागोमाग. ऑफिसात जाऊन मॅडम क्लार्कला म्हणाल्या, "उघड." तो म्हणाला, साहेबांना विचारतो. मॅडमनी त्याची खुर्चीच ओढली. उघडली शीट.

पुढच्या पानावर वर्गशिक्षिकेने रोज इमानाने भरलेलं होतं. खालच्या श्रावणीपुढे ए, ए, ए, ए, पार टोकापर्यंत ए. चूक तिची नव्हती. मागच्या पानावर, जिथून फोटो निघायचा, तिथे निनादच्या सूत्राने नंबराऐवजी नावावरून हजेरी शोधली होती. आणि ते सूत्र वरून खाली शोधत येतं, पहिलं नाव जुळलं की तिथेच थांबतं. 'के. श्रावणी' म्हटलं की वरचीच सापडणार. दोन्ही वेळा वरचीच. आणि वरची श्रावणी म्हणजे तापातही कॉलेज न चुकवणारी पोर. तिचे सगळे पी हिच्या नावावर पडत होते.

निनादला फोन लावला तर तो खरोखरच गोंधळला. "पण मॅडम, पूर्ण नाव कसं सारखं असेल? वडिलांचं नाव, आडनाव..." पुण्यात सारखं नसेल बाबा. इथे घराण्याचं नाव म्हणजे पुढे लावलेलं एक अक्षर. एकीचं 'के' कंदुला, दुसरीचं 'के' कर्नाटी. आणि श्रावणी तर गल्लीगल्लीत आहेत. हे इथल्या शिपायालाही ठाऊक होतं, पण त्याला कोण विचारतो! आणि ही वर्गशिक्षिका? ती म्हणाली, "मी तर रोज ए टाकत होते. मला वाटलं, मॅडम बघतायत." प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं होतं. पोरगी तेवढी गेली.

मॅडम पोलिसांत गेल्या, बालकल्याणवाल्यांकडे गेल्या, तिथला अधिकारी आणि आईला घेऊन त्या गावी गेल्या. सासरच्यांनी जन्मतारखेचा कागद काढून दाखवला. त्यात पोरगी अठरा पूर्ण. कुठून आणला देव जाणे. मुलीला बाहेर बोलावलं. सासू मागे उभी. ती म्हणाली, मी खुशीने लग्न केलं. अधिकाऱ्याने लिहून घेतलं आणि बस पकडायची म्हणून घाई केली.

मॅडम परत आल्यावर मी विचारलं, "काही बोलली का तुमच्याशी?"

"बोलली. सासू पाणी आणायला गेली तेवढ्यात." मॅडम घड्याळाचा पट्टा सैल करत, घट्ट करत होत्या. "विचारलं, मॅडम, पिवळं झालं नव्हतं का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? नाही म्हटलं. नव्हतंच झालं."

यानंतर संस्थेने जे केलं त्याला मी तरी क्षमा करणार नाही. आईने तक्रार दिली होती, एका तेलुगू पेपरात चार ओळी आल्या होत्या, म्हणून चौकशी बसली. सेक्रेटरीसाहेब, राव सर आणि बाहेरचे एक वकील. निनाद मान खाली घालून बसला होता. तो म्हणायला गेलासुद्धा, "मामा, सूत्र मी..." पण साहेबांनी हाताने गप्प केलं. मग शीटचा फोटो टेबलावर ठेवला आणि खालच्या छोट्या अक्षरांवर बोट ठेवलं. "निर्मिती तुमची आहे, मॅडम. नाव तुमचं आहे." मान म्हणून ठेवलेलं नाव!

मला वाटलं, आता ही बाई टेबल उलटं करणार. टक्केवारीवरून प्राचार्यांची अब्रू काढणारी ही, आता तर हक्काचं भांडण होतं. मॅडम म्हणाल्या, "आधी सूत्र बदला. आत्ता. बाकीचं मागून बघू." साहेब म्हणाले, तपासणी होऊ द्या. मॅडम जागच्या हलल्या नाहीत. शेवटी निनादनेच लॅपटॉप उघडला. मॅडम त्याच्या खांद्यामागे उभ्या राहून एकेक वर्ग वाचत गेल्या. सगळे नंबर परत आले तेव्हा आणखी किती जोड्या निघाल्या! दोन साई किरण, दोन मोहम्मद इम्रान, तिसऱ्या वर्गात परत दोन श्रावणी. एक साई किरण तिथल्या तिथे पिवळा झाला. मॅडमनी लगेच त्याच्या घरी फोन लावला, चौकशी समितीच्या समोर. पोरगा कावीळ होऊन पडला होता. "दवाखान्याचा कागद ठेवा, मी टक्क्यांचं बघते," असं सांगून त्यांनी फोन ठेवला आणि वकिलाला म्हणाल्या, "हं, विचारा तुम्ही."

त्यांच्याकडून लेखी खुलासा मागितला होता. मी सांगितलं, सगळं सविस्तर लिहा, मी साक्ष देते, तुम्ही नंबर काढू नका म्हणाला होता हे चारचौघांनी ऐकलंय. वर्गशिक्षिकाही तयार होती. मॅडमनी दोन वाक्यं लिहिली. 'चूक माझी आहे. मी तिला बघायला वर्गात गेले नाही.'

मी अक्षरशः ओरडले त्यांच्यावर. "अहो, वेड लागलंय का तुम्हाला? हे लोक गळ्यात दोर घालतील!"

"हिमायतनगरहून चिक्कडपल्ली किती लांब हाय हो पाठकबाई? चालत जाता येतंय. एक दिवस जाऊन वर्गात डोकावलं असतं तर कळलं असतं. नाही," त्या स्वतःच म्हणाल्या, "नसतं कळलं. मला तिचा चेहरा कुठं ठावं होता? वरची दाखवली असती तरी मी म्हटलं असतं, बरी आहेस का गं."

संस्थेने ठरावात पहिलं वाक्य जसंच्या तसं घेतलं. दुसरं गाळलं. सदोष तक्ता तयार केल्याची जबाबदारी संबंधित प्राध्यापिकेने लेखी मान्य केली असून, वगैरे वगैरे. मॅडमनी राजीनामा दिला. निरोपसमारंभ नाही, नारळ नाही, शाल नाही. कापडी पिशवी घेऊन जिना उतरल्या. त्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी शीटवरून त्यांचं नाव निघालं. जे काढा काढा म्हणून बाई घसा कोरडा करत होती, ते एका क्लिकवर निघालं. तपासणीही झाली. तपासणीवाल्यांनी शीटचं कौतुक केलं, साहेबांनी निनादला पुढे केलं, आणि तो पोरगा बिचारा फोटोत कुठे बघावं ते न कळून जमिनीकडे बघत उभा राहिला.

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. एका सकाळी मी बसमधून उतरले तर मिरची-भज्यांच्या गाडीशेजारी मॅडम उभ्या. हातात पिशवी नाही. डोळ्यांवर नवा जाड चष्मा. गेटमधून आत जाणाऱ्या मुलींकडे टक लावून बघत होत्या.

"मॅडम, इथे काय करताय?"

"काही नाही. बघायले."

भजीवाला म्हणाला, "अम्मा रोज आते. खाते कुछ नहीं, खाली खड़े रहते." मी त्यांना म्हटलं, चला, आत चला, डबा खाऊ, कोण अडवतंय बघते. त्यांनी मान हलवली. नजर गेटवरून काढली नाही. मला म्हणाल्या, "ती हिरव्या ओढणीची काल आली नव्हती. आज आली." मग थोड्या वेळाने, "एक जण लंगडत येती, ती अजून यायचीय." नंबर एकीचाही नाही. नुसती ओढणी, चाल, केसांची रिबन. म्हातारपणी अक्षर गिरवायला बसल्यासारखी बाई चेहरे गिरवत होती.

तेवढ्यात एक मुलगी रस्ता ओलांडून आमच्याकडे आली. सेकंड इयरचं ओळखपत्र गळ्यात. "नमस्ते मॅडम."

मॅडमनी तिच्याकडे नीट, बराच वेळ बघितलं. कपाळ बघितलं, हनुवटी बघितली. नंबर विचारला नाही.

"नाव काय गं तुझं?"

"के. श्रावणी, मॅडम."

वरची होती ती. मॅडमचा हात तिच्या डोक्याकडे गेला आणि मध्येच थांबला.

"रोज येतेस का?"

"रोज येते मॅडम. एक दिवस चुकवलं नाही."

"हौ," मॅडम म्हणाल्या. "मला दिसत होतं."

मुलगी हसली आणि धावत गेटमधून आत गेली. घंटा झाली, मलाही जावं लागलं. जिन्याच्या खिडकीतून खाली पाहिलं तर गेट बंद झालं होतं, रस्ता मोकळा होता, आणि मॅडम अजून गाडीशेजारी उभ्या राहून आणखी कुणी येतंय का ते बघत होत्या.